दुपारी बदलणारी तारीख

काच कुठल्या बाजूनं धरायची हे ओळखायला काचबाईला डोळे लागत नसत. कोपरा खालच्या ओठाला हळूच टेकवायचा. ओठ किंचित चिकटला तर ती फोटोच्या लेपाची बाजू, तिथं बोट लावायचं नाही. गार आणि गुळगुळीत लागली तर ती नुसती काच. वेधशाळेच्या तळघरात अशा एकेचाळीस हजार काचा होत्या. प्रत्येकीवर कुठल्या तरी एका रात्रीचं आभाळ उलटं उमटलेलं, पांढऱ्यावर काळे ठिपके. यंत्रं आली ती अलीकडे; त्याआधी ऐंशी वर्षं माणसांनी आभाळ असंच काचेवर धरून ठेवलं होतं.

तिला कामाला ठेवलं ते झाडायला, एकोणिसाव्या वर्षी. झाडता झाडता ती काचा पुसायला लागली, पुसता पुसता रचायला, आणि पुढं पुढं वरच्या मजल्यावरचे पीएच.डी. झालेले डॉक्टर लोक नुसता नंबर सांगत आणि ही दिवा न लावता काच आणून देई. हुद्दा मात्र कागदावर झाडूवालीचाच राहिला. ‘काचबाई’ हे नाव कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं, तिनं ते मिरवलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा बाणा. कुणी ‘ए’ करून हाक मारली की तिला ऐकूच येत नसे. एका कारकुनानं विचारलं, "कान गेले का?" तर म्हणाली, "कान शाबूत आहेत. हाकच लंगडत आली."

तिचा बाप त्याच वेधशाळेत रात्रीचा मदतनीस होता. साहेब दुर्बिणीपाशी बसत; हा काच बसवी, घुमट फिरवी आणि काचेच्या पाकिटावर नंबर, तारीख, वेळ लिही. पोर असताना ही दुपारी त्याचा डबा घेऊन जायची. घुमटाच्या दारात एक पाटी टांगलेली असे. डबा खाल्ला की बाप ओल्या फडक्यानं कालची तारीख पुसून आजची लिही. दुपारी बारा वाजता.

"घरी तर सकाळीच बदलली," ती एकदा म्हणाली.

"घरातली माणसं रात्री झोपतात, त्यांची तारीख मध्यरात्री बदलली तर कुणाचं काय बिघडतं? आम्ही बदलली तर एकाच रात्रीच्या काचा दोन दिवसांत वाटल्या जातील. आमचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. घड्याळही तिथूनच मोजायचं."

म्हणजे पाकिटावर ‘तारीख नऊ, वेळ चौदा वाजून दहा’ असं असलं तर नऊ तारखेच्या दुपारपासून चौदा तास मोजायचे. जगाच्या हिशेबानं ती दहा तारखेची पहाट झाली, दोन वाजून दहा मिनिटं. इतर ठिकाणची ही रीत सुटली तरी इथं ती शेवटच्या काचेपर्यंत चालत राहिली, आणि ती कुठं लिहून ठेवावी असं कुणाला कधी वाटलं नाही. ज्याला त्याला ठाऊकच होती. मग ही रीत जाणणारी माणसं एकेक करून गेली आणि उरली काचबाई.

तळघर काही सगळ्यांसाठी नव्हतं. बाहेरच्या माणसाला काच बघायची तर नावाजलेल्या संस्थेच्या प्रमुखाचं शिफारसपत्र लागे. ज्याला आधीच सगळं मिळत होतं त्यालाच आणखी मिळावं अशी ती सोय होती. नियम म्हणतात तिला. या नियमानं मास्तर तीनदा परत गेले.

मास्तर लांबच्या एका छोट्या कॉलेजात शिकवत. कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांची दुर्बीण होती, तिचा आरसा त्यांनी स्वतः घासून केलेला. एकोणीस वर्षं ते एकाच ताऱ्याच्या मागे होते. तो तारा दर पावणेतीन दिवसांनी काही तास काळवंडतो आणि पुन्हा उजळतो. त्याच्या या चालीत काही फरक पडतोय का, हे मास्तरांना हवं होतं, आणि त्यासाठी जुनी ऐंशी वर्षं हवी होती. पहिल्या खेपेला त्यांच्याकडे पत्र नव्हतं. दुसऱ्या खेपेला होतं, पण त्यांच्याच प्राचार्यांचं. ते चालत नाही म्हणाले. तिसऱ्या खेपेला पत्र बरोबर होतं, संचालक रजेवर होते.

तिसऱ्या वेळी काचबाईनं त्यांना पायरीवर बसलेलं पाहिलं. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि मांडीवर फाइल अशी धरलेली की जणू तान्हं पोर.

"आत या," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर पाणी प्यायला आलात. पंधरा मिनिटं."

तिनं नाव विचारून त्यांच्या ताऱ्याची एक काच काढून खिडकीच्या उजेडासमोर धरली. मास्तर बघत राहिले. हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"ताई, हे सगळ्यांना बघता आलं पाहिजे हो," ते जाताना म्हणाले.

"सगळ्यांना बघता आलं तर साहेबांना साहेब कोण म्हणेल?"

पण तसं झालं. दोन वर्षांनी वरून हुकूम आला की सगळ्या काचांची चित्रं यंत्रानं उतरवायची, पाकिटावरची माहिती टाइप करायची आणि सगळं जगासाठी खुलं करून टाकायचं. पत्र नको, शिफारस नको, जो मागेल त्याला घरबसल्या. काचबाईला त्या दिवशी खरोखर आनंद झाला. तळघर पुन्हा एकदा झाडून काढायची काही गरज नव्हती, तरी तिनं काढलं.

काम एका ठेकेदार कंपनीला दिलं होतं. तिचा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, "रोज साठ काचा झाल्या पाहिजेत." तेव्हापासून तो साठवाला. टाइप करायला चार बायका घेतल्या, त्यांत काचबाईची धाकटी जाऊ होती. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला वारला, धाकटा परगावी कामाला. दोन खोल्यांच्या घरात या दोघीच, दोन शेगड्या आणि दोन तोंडं. जाऊ दहावीनंतर टायपिंग शिकलेली, हात यंत्रासारखा आणि जीभ त्याहून जलद.

एकविसाव्या दिवशी वरच्या एका डॉक्टरनं साठवाल्याला चार माणसांत विचारलं, "तुमच्या गावाला दुपारी दोनला तारे दिसतात का हो?" जावेनं पाकिटावरचं ‘चौदा वाजून दहा’ जसंच्या तसं टाइप केलं होतं. साठवाला लालबुंद होऊन तळघरात उतरला.

"हे काय आहे?"

"पाकिटावर जे आहे ते," जाऊ मान वर न करता म्हणाली. "चौदा लिहिलंय, चौदा मारलंय. पंधरा हवं असेल तर सांगा."

"त्यांचं घड्याळ दुपारी बारापासून सुरू व्हायचं," काचबाई पुढं झाली. "बारा मिळवा, म्हणजे आपली वेळ येईल."

साठवाल्यानं क्षणभर विचार केला. "म्हणजे चौदाचे सव्वीस. चोवीसच्या वर गेले की चोवीस वजा. पहाटेचे दोन. झालं."

"तसं नाही, तेव्हा मग–"

"मग काय मग? एकवीस दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं का? सगळं पुन्हा करायला लावलंत. तुम्हाला पुसायला ठेवलंय ना, मग पुसा. विचारलं तेवढंच बोलायचं."

तळघरात चार टाइप करणाऱ्या बायका होत्या. चौघींचे हात थांबले. छत्तीस-सदतीस वर्षांत काचबाईला तिच्या तळघरात असं कुणी बोललं नव्हतं, आणि ते बोलणारा तिच्या धाकट्या दिराहून लहान होता.

"बरं," ती म्हणाली. "विचारलं तेवढंच बोलीन."

तिच्या तोंडात चार शब्द राहिले होते: तारीख एक पुढे ढकला. चोवीसच्या वर गेलं की नवा दिवस लागतो, एवढी साधी गोष्ट. साठवाल्यानं वेळ बरोबर केली आणि तारीख आदल्या दिवसाचीच ठेवली. यंत्राला तसं शिकवून टाकलं आणि यंत्र ते इमानेइतबारे करत राहिलं. मध्यरात्रीआधीच्या काचा बरोबर, मध्यरात्रीनंतरची प्रत्येक काच एक पूर्ण दिवस चुकलेली. एकेचाळीस हजारांतल्या निम्म्या.

घरी आल्यावर तिनं जावेला सांगितलं. जाऊ भाजी चिरत होती, तिचा विळीवरचा हात थांबला.

"म्हणजे मी दिवसभर मारतेय ते चूक?"

"तू मारतेस ते बरोबर. त्याचं यंत्र चुकतंय."

"मग सांगा ना त्याला."

"विचारलं तेवढंच बोलायचं म्हणालाय."

"तो माकड आहे हो. पण काचा काय त्याच्या बापाच्या आहेत?"

"येईल नाक घासत."

"आणि नाही आला तर?"

"वर एवढे डॉक्टर बसलेत, पोत्यानं शिकलेले. एकाला तरी कळेलच."

जावेनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या नाकापायी कुणाची तरी मान जाईल, बघा." काचबाईनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. ‘ए’ म्हटल्यावर दाखवायची तसं.

तो नाक घासत आला नाही. त्याला काही अडलंच नाही, तर येईल कशाला? दोन वर्षांत काम पुरं झालं, साठवाला सत्कार घेऊन गेला. संचालकांनी भाषण केलं की आता आभाळावर कुणाची मालकी नाही, खेड्यातला शिक्षकही आमच्याइतकाच श्रीमंत झाला. टाळ्या झाल्या. काचबाई मागं उभी होती. तिच्याही टाळ्या त्यात होत्या. तारखेचं कुणालाच कळलं नव्हतं. ज्यांना पत्राविना पूर्वीही बघता येत होतं त्यांना जुन्या काचांत रस नव्हता, आणि ज्यांना रस होता त्यांना पाटीची गोष्ट कोण सांगणार?

महिन्याभरात मास्तरांचं पत्र आलं. ‘ताई, रोज कॉलेज सुटल्यावर दोन तास बसतो. माझ्या ताऱ्याच्या दोनशे बारा काचा सापडल्या. कुणाला काही मागावं लागलं नाही.’

काचबाईनं पोस्टकार्ड आणलं. तारखेचं लिहायला बसली. मग वाटलं, आता लिहिलं तर ते विचारतील, आधी का नाही सांगितलं? मग वाटलं, हुशार माणूस आहे, त्याचं त्यालाच कळेल. कार्डावर तिनं तब्येतीची विचारपूस केली आणि ते पेटीत टाकलं. या गोष्टीत साठवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्या त्यानं कमावल्याही आहेत. पण त्या कार्डावर साठवाल्याचा हात नव्हता.

चौदा महिन्यांनी वेधशाळेच्या सभागृहात मोठी बैठक भरली. बाहेरून नामवंत मंडळी आली. ‘खुल्या संग्रहाचे लाभ’ दाखवायला संचालकांनी मास्तरांनाही बोलावलं होतं. काचबाईला पाण्याचे पेले मांडायचं काम होतं. मास्तरांनी तिला दारात पाहून हात जोडले. शर्ट तोच होता.

मास्तर उभे राहून बोलले. त्यांचा तारा म्हणे वर्षाचे काही महिने वेळेवर काळवंडतो, काही महिने एक दिवस आधीच. याचा अर्थ त्याच्याजवळ आणखी कुणीतरी आहे, न दिसणारं, जे त्याला ओढतं. इतकी वर्षं त्यांना ज्याचा नुसता वास येत होता ते त्यांच्या हाती लागलं होतं.

पेले मांडता मांडता काचबाईचा हात थांबला. काही महिने तारा मध्यरात्रीआधी वर असतो, काही महिने मध्यरात्रीनंतर. ज्या महिन्यांत मास्तरांचा तारा एक दिवस लवकर येत होता ते कुठले महिने, हे तिला न मोजता कळलं.

पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. मोठ्या संस्थेचे, आवाज मऊ. "तुमचा तारा आपल्या पृथ्वीचं कॅलेंडर बघून चालतो वाटतं," ते म्हणाले. हशा झाला. मग त्यांनी आपल्या संस्थेतल्या त्याच रात्रींच्या काचा पडद्यावर दाखवल्या. मास्तर ज्या तारखांना तारा काळवंडला म्हणत होते त्या तारखांना तो लख्ख उजळ होता. "आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर यांना तारखा वाचता येत नाहीत, नाही तर हव्या तशा वाचता येतात."

"संग्रहात ज्या तारखा आहेत त्याच मी घेतल्या," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चूक वेधशाळेची?"

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालक हसले. "माहिती खुली केली की प्रशिक्षण नसलेल्या लोकांच्या हाती पडते. हा धोका आम्ही पत्करला आहे." पुन्हा हशा. कुणीतरी ‘गच्चीवरचे शास्त्रज्ञ’ असं म्हणालं, फार मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतपत.

काचबाई भिंतीशी उभी होती. आता तिला कुणी गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर दीडशे माणसांनी ऐकलं असतं. तिनं उघडलं नाही. जिभेला धार असलेली बाई, कारकुनांना पुरून उरणारी, आणि नेमकी त्या घटकेला ती मूग गिळून उभी राहिली.

मास्तर सभागृहातून बाहेर पडले तशी ती त्यांच्या मागं गेली. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं, पाटीचं, दुपारच्या बाराचं, चोवीसचं, सगळं.

"एक दिवस पुढं?" मास्तर म्हणाले.

"मध्यरात्रीनंतरच्या सगळ्यांना."

त्यांनी फाइल उघडली, पेन्सिल काढली. वीस मिनिटं ते एकेका ओळीत आकडा बदलत गेले. आतून टाळ्यांचे आवाज येत होते. दुसरं कुणी बोलत होतं. मास्तरांचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विझत गेला.

"वेळेवर आहे," ते शेवटी म्हणाले. "तारा अगदी वेळेवर आहे, ताई. ऐंशी वर्षं. ओढणारं कुणीच नाही."

मास्तरांनी फाइल मिटली.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"माझं पत्र आलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "हे लोक दारात उभं करत नव्हते, त्याचा मला राग नाही आला कधी. ते तसेच आहेत. तुमचं मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "शोध गेला तो जाऊ दे, तो नव्हताच. पण मी तारखा खोट्या केल्या असं आता लागलंय मागं. आमच्या प्राचार्यांना संध्याकाळपर्यंत कळेल, इथं त्यांचा मेहुणा बसलाय. एवढं एक पत्र मिळवून द्या मला, वेधशाळेचं, की चूक संग्रहाच्या यादीत होती. बाकी काही नको."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काचबाई संचालकांसमोर उभी होती. बरोबर दोन काचा नेल्या होत्या, चारशे बारा आणि चारशे तेरा. एकाच रात्रीच्या, पन्नास मिनिटांच्या अंतरानं काढलेल्या, एक मध्यरात्रीआधी, दुसरी नंतर. "आता यंत्रात बघा," ती म्हणाली. यंत्रात चारशे तेरा ही चारशे बाराच्या तेवीस तास आधी काढलेली निघाली.

संचालक हुशार माणूस होते. दोन मिनिटांत त्यांना सगळं समजलं. मध्यरात्रीनंतरच्या नोंदींना एक दिवस मिळवायचा, यंत्राला एका दुपारचं काम. पण त्या एका दुपारच्या कामाआधी एका ओळीची कबुली द्यावी लागली असती, आणि तेवढी एक ओळ त्यांच्या हातून लिहवेना. ठेकेदाराचं काम पास करून सही कुणी केली होती? भाषण कुणी केलं होतं? काल सभेत हसलं कोण होतं?

"तुम्ही हे दडवून ठेवलंत," ते म्हणाले.

"हो."

"तसं लिहून द्याल?"

"देते. पण मास्तरांच्या कॉलेजला पत्र गेलं पाहिजे, की त्यांची चूक नाही."

"जाईल ना. आजच जाईल."

त्यांनी कारकुनाकडून मसुदा करवून घेतला. ‘सदर बाब मला ज्ञात असूनही मी ती प्रकल्पास कळविली नाही.’ काचबाईनं दोनदा वाचलं. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तिनं सही केली. हीच तिची चूक म्हणा. खऱ्या वाक्यानंही माणसाला गाडता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. निवृत्तीला सात महिने होते. तळघराची किल्ली टेबलावर ठेवून जा म्हणाले.

वेधशाळेच्या कचेरीत आता टायपिंगला जाऊच होती. ठेका संपल्यावर तिला वर घेतलं होतं. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि तशीच उंबऱ्यात बसली.

"पत्र गेलं?" काचबाईनं विचारलं.

"मीच टाइप केलं." तिनं पर्समधून घडी केलेली नक्कल काढली. "वाचू?"

"वाच."

"‘संग्रहातील काही नोंदींच्या स्वरूपाबाबत कर्मचारी पातळीवरील त्रुटी निदर्शनास आली आहे. तथापि संशोधनापूर्वी मूळ काचांवरून नोंदींची पडताळणी करणे ही वापरकर्त्याची जबाबदारी होती. यापुढे गैरवापर टाळण्यासाठी संग्रह पूर्ववत शिफारसपत्राद्वारेच उपलब्ध राहील.’"

"मूळ काचांवरून," काचबाई म्हणाली. "तीनदा हाकलला त्याला मूळ काचांवरून."

"मी बोटं थांबवली होती मधेच. कारकून म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, शब्द अवघड आहे." जावेनं नक्कल पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवली. "नोकरी हवीय हो मला."

"मी काही म्हटलं का?"

"म्हटलं असतंत तर बरं झालं असतं."

आठ दिवसांनी काचबाई बसनं मास्तरांच्या गावी गेली. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद होता, कारकुनाच्या भाषेत नाही. पाटी, दुपार, साठवाला, कार्ड, सगळं त्यात होतं. प्राचार्यांनी तिला खोलीबाहेर दीड तास बसवलं. मग कागद वाचला.

"आपण कोण?"

"काचा सांभाळायची मी. चाळीस वर्षं."

"हुद्दा?"

"आता काही नाही. आधीही नव्हता."

"हे संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी असतं तर काही करता आलं असतं. संस्थेचं पत्र आमच्याकडे आलंय, ते वेगळंच म्हणतंय." त्यांनी कागद फायलीत लावला. उद्धट नव्हते ते. असल्या माणसांना उद्धट व्हावंच लागत नाही.

मास्तर जिन्यात भेटले. गच्चीवरची खोली कॉलेजनं काढून घेतली होती, त्यात मोडकी बाकं भरली होती. दुर्बीण त्यांच्या घरी पलंगाखाली होती, आरसा काढून ठेवलेला. त्यांनी तिला ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही.

"फायलीत लावला कागद," ती म्हणाली.

"निदान कुठंतरी राहील."

"फायलीत काय राहतं ते मला सांगू नका, मास्तर. फायलींवरची धूळच झाडत आले मी."

मास्तर हसले नाहीत. "माझा राग गेलेला नाही, ताई. जाईल असंही वाटत नाही. पण एक सांगतो. माझ्यासारखे आणखी अकरा जण आहेत, पत्रानं ओळखीचे. त्या चौदा महिन्यांत सगळ्यांनी यादी उतरवून घेतली. त्यांना अजून माहीत नाही. वेधशाळेनं दार लावलं, पण चुकलेल्या तारखा आधीच बाहेर पडल्यात. त्यातला एक जण पुढच्या महिन्यात कुठंतरी उभा राहून बोलणार आहे."

"तुम्ही लिहिलंत त्यांना?"

"मी लिहिलेलं आता कोण खरं मानेल?"

तिनं पत्ते मागितले. मास्तरांनी ते जिन्यातच भिंतीला कागद लावून लिहून दिले. मग घंटा झाली आणि ते वर्गावर गेले. पोरांनी दारात गर्दी केली होती. कुणीतरी मागून ‘कॅलेंडर’ अशी हाक मारली, तरी ते थांबले नाहीत.

घरी आल्यावर काचबाई जेवणाच्या पाटावर कागद घेऊन बसली. जावेनं ऑफिसातून काही आणायचं नाही असं ठरवलं होतं, तरी अकरा कोरी पाकिटं आणली.

"मी टाइप करून देऊ? लवकर होईल."

"नको. अक्षर माझंच पाहिजे."

"काय लिहिणार? सुरुवातीला नमस्कार वगैरे?"

काचबाईनं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग तिनं लिहिलं: ‘तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडच्या यादीत मध्यरात्रीनंतरची प्रत्येक तारीख एक दिवसानं चुकलेली आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी गप्प बसले.’